पाणलोटाने राखलेले रान: संजय गांधी राष्ट्रीय उद्यान

मुंबई आणि ठाणे या दोन शहरांच्या मधोमध सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे डोंगराळ जंगल आहे. पश्चिमेला बोरिवलीपासून गोरेगावपर्यंतची उपनगरे, पूर्वेला भांडुप, मुलुंड आणि ठाणे, उत्तरेला वसईची खाडी. खाडीपलीकडचे नागल्याचे रानही याच उद्यानाचा भाग. कृष्णगिरी, बोरिवली राष्ट्रीय उद्यान आणि आता संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, अशी त्याची नावे बदलत गेली. इतक्या मोलाच्या जमिनीवर रान टिकले, त्यामागचे एक मोठे कारण पाणी. ज्या डोंगरांवरचा पाऊस शहराच्या तलावांत उतरतो ते मोकळे ठेवायचे, हा एकोणिसाव्या शतकातला व्यवहारी हिशेब या जंगलाच्या पथ्यावर पडला.

कातळातले पाणी

पावसाचा हिशेब या डोंगरांत त्याआधीही मांडला गेला होता. कान्हेरीची शंभराहून अधिक बौद्ध लेणी इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या सुमारास कोरली जाऊ लागली आणि सुमारे हजार वर्षे नांदती राहिली. भिक्खूंच्या विहारांलगत कातळात पाण्याच्या पोढ्या खोदलेल्या आहेत. उतारावरून वाहणारे पाणी दगडी पन्हळींनी त्यांत वळवले जाई आणि चार महिन्यांच्या पावसावर वर्षभराची बेगमी होई. तिसऱ्या लेण्यातले चैत्यगृह आणि त्याच्या व्हरांड्यातल्या बुद्धाच्या भव्य उभ्या मूर्ती, अकराव्या लेण्यातील लांबलचक दगडी बाक आणि एक्केचाळिसाव्यातला अकरा मुखांचा अवलोकितेश्वर ही येथली मुख्य आकर्षणे. दानलेखांत कल्याण आणि सोपारा येथल्या दात्यांचे उल्लेख सापडतात. नव्वदाव्या लेण्यात इ.स. १००९ आणि १०२१ मध्ये येऊन गेलेल्या झरथुष्ट्री पाहुण्यांचे पहलवी लेख आहेत. त्यांच्या तारखा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या, म्हणजे पाऊस ओसरून डोंगर चढण्याजोगा होतो त्या दिवसांतल्या आहेत.

दोन तलाव, चार नद्या

१८५०च्या दशकात मुंबई बेटाला विहिरी आणि टाक्यांचे पाणी पुरेनासे झाले. अभियंता हेन्री कॉनिबेअर यांच्या आराखड्यानुसार १८५६ मध्ये विहार तलावाचे काम सुरू झाले आणि १८६० मध्ये ते पुरे होऊन शहराला प्रथमच नळाचे पाणी मिळाले. १८७९ मध्ये वरच्या अंगाला तुळशी तलाव बांधला गेला. विहारची साठवण क्षमता २७,६९८ दशलक्ष लिटर, तर तुळशीची ८,०४६ दशलक्ष लिटर. दोन्ही मिळून रोज सुमारे १०८ दशलक्ष लिटर पाणी देतात. भातसा आणि वैतरणेच्या पुरवठ्यापुढे हा वाटा आज अगदी लहान आहे, पण त्यासाठी राखलेले पाणलोट क्षेत्र मोठे ठरले.

मुंबईच्या उपनगरांतून वाहणाऱ्या मिठी, दहिसर, पोईसर आणि ओशिवरा या चारही नद्या याच डोंगरांतले पाणी घेऊन उतरतात. खाली नाले म्हणून ओळखले जाणारे हे प्रवाह उद्यानाच्या हद्दीत गोट्यांवरून स्वच्छ वाहतात. झाडांची मुळे आणि पालापाचोळा पावसाचा जोर काही अंशी झेलून पाणी जमिनीत मुरवतात. उतार बोडके झाले तर तेच पाणी मातीसह थेट वस्त्यांत उतरेल.

पायवाटा आणि ऋतू

बोरिवली पूर्वेच्या मुख्य प्रवेशद्वारापासून कान्हेरी साधारण सहा-सात किलोमीटरवर आहे. डांबरी रस्त्याने चालत किंवा वाहनाने तिथे जाता येते. खऱ्या रानवाटा त्याच्या आजूबाजूला आहेत. शिलोंढ्याची वाट ओढ्याच्या संगतीने जाते आणि पक्षिनिरीक्षकांची विशेष आवडती आहे. ठाण्याच्या बाजूने येऊरची वाट जंगलात शिरते. मुंबईतले सर्वोच्च ठिकाण असलेला ४६८ मीटर उंचीचा जांभूळमाळही उद्यानातच आहे. सोमवारी उद्यान पर्यटकांसाठी बंद असते. आतल्या वाटांवर वनविभागाच्या परवानगीनेच, तीही वाटाड्यासोबत जायचे असते. पावसाळ्यात ओढ्यांना अचानक लोंढा येतो आणि शेवाळलेला कातळ निसरडा होतो. तलावांच्या काठी जाण्यास मनाई आहे.

रान मुख्यतः पानझडीचे: साग, ऐन, खैर, कदंब, करंज, बांबू. उन्हाळ्याच्या तोंडावर पळस, पांगारा आणि काटेसावर फुलतात. डोंगरउतारांवरची कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच एकगठ्ठा बहरते. २०१६ नंतर २०२४ मध्ये ती फुलली. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा चालण्यासाठी सर्वांत सोयीचा काळ, कारण ओढ्यांत पाणी असते, ऊन सोसवते आणि स्थलांतरित पक्षीही आलेले असतात.

बिबटे आणि पाडे

२०१८ च्या कॅमेरा-ट्रॅप पाहणीत उद्यान आणि लगतच्या परिसरात ४७ बिबटे टिपले गेले. चितळ आणि सांबरांबरोबरच काठावरच्या वस्त्यांतली भटकी कुत्री हे त्यांचे भक्ष्य. उघड्या कचऱ्यावर कुत्री पोसली जातात आणि त्यांच्यामागे बिबट्या येतो. २००४ च्या सुमारास माणसांवरचे हल्ले शिगेला पोहोचले होते. इतरत्र पकडलेले बिबटे या जंगलात आणून सोडणे हे त्यामागचे एक कारण अभ्यासकांनी मांडले. पुढे पिंजऱ्यांपेक्षा कचऱ्याची विल्हेवाट, दिवाबत्ती आणि लोकजागृती यांवर भर देण्यात आला. २०११ मध्ये वनविभागाने शास्त्रज्ञ आणि नागरिकांना सोबत घेऊन त्यासाठी उपक्रम सुरू केला. वारली, मल्हार कोळी, कोकणा आदी आदिवासींचे पाडे येथे पूर्वापार आहेत. वाघोबाला पुजणाऱ्या या समाजाला बिबट्याच्या शेजाराची सवय जुनी आहे.

काठावरचा ताण

१९९५ मध्ये दाखल झालेल्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला. त्यानंतर हजारो झोपड्या हलल्या. पुनर्वसनाचा आणि पाड्यांच्या हक्कांचा वाद मात्र चालत राहिला. २०१६ मध्ये उद्यानाभोवती पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र जाहीर झाले, तर २०२० मध्ये उद्यानालगतच्या आरे वसाहतीतील सुमारे आठशे एकर जमीन राखीव वन म्हणून ठेवण्याचा निर्णय झाला. ठाणे-बोरिवली जुळा बोगदा उद्यानाच्या पोटातून नेला जात आहे. खाडी, महामार्ग आणि लोहमार्गांमुळे या जंगलाचा तुंगारेश्वरच्या रानाशी असलेला दुवा क्षीण झाला आहे. तो जपला नाही तर येथले प्राणी शहराने वेढलेल्या बेटावर अडकून पडतील.