बळ वाढवावें, भार नव्हे

ताकद कमावली कीं अंग जड होतें व चपळाई जाते, अशी समजूत नाशिकच्या सुशिक्षित घरांतही आढळते; तिच्यापायीं कित्येक मुलें व्यायामाला मुकतात. परंतु नाशिक जिल्ह्यांतील कोठुऱ्याचे बाळंभटदादा देवधर यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं मल्लखांबाला नवें जीवन दिलें, तेव्हांच या शंकेचें उत्तर मिळालें होतें. खांबावर स्वतःचाच देह पेलावयाचा असतो. तेथें फाजील मांस ओझेंच ठरतें.

शक्ति केवळ स्नायूंच्या जाडीवर अवलंबून नसते. मज्जातंतू एकाच क्षणीं किती स्नायुतंतू कामाला लावतात, यावरही ती ठरते. भारी वजन एका खेपेस ३ ते ५ वेळांच उचलावें, दोन खेपांमध्यें ३ ते ५ मिनिटें विसांवा घ्यावा व दमछाक होण्यापूर्वीं थांबावें, म्हणजे मज्जातंतूंना हें वळण लागतें. आहार बेताचा ठेवल्यास देह फुगत नाहीं. सांगलीच्या संकेत सरगर यांनीं २०२२ सालीं बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेंत, ५५ किलोच्या गटांत, १३५ किलो भार डोक्यावर पेलून रौप्यपदक मिळविलें.

तेव्हां श्रोत्यांनीं मुलांना अडवूं नये. मात्र आरंभ जाणत्या वस्तादाच्या नजरेखालींच व्हावा.