‘जेपर्डाइझ’ म्हणजे काय?

कारखान्याचा मेमो, बँकेची नोटीस, कॉलेजचे पत्र आजही पुष्कळदा इंग्रजीत येते. त्यातला एखादा शब्द कळला नाही, तर माणूस उगाच घाबरतो, नाहीतर उगाच निर्धास्त राहतो. ‘जेपर्डाइझ’ हे असेच एक क्रियापद. वाळूज-चिकलठाण्याच्या एमआयडीसीत राबणाऱ्या बांधवांना आणि दहावी-बारावीच्या आपल्या मुलामुलींना ते नीट समजले पाहिजे.

प्रथम उच्चार. स्पेलिंगमध्ये ‘जे, ई’ नंतर ‘ओ’ येतो, पण तो बोलायचा नाही. अर्थ सोपा आहे : धोक्यात आणणे. नाम ‘जेपर्डी’. जुन्या फ्रेंच भाषेत बरोबरीत अडकलेल्या, कोण जिंकेल ते सांगता न येणाऱ्या डावाला जो शब्द होता, त्यापासून हे नाम आले. म्हणजे मुळात हा खेळातला शब्द. आपला ‘पणाला लावणे’ हा शब्दही जुगारातूनच आला. पण फरक आहे. पणाला माणूस जाणूनबुजून लावतो. जेपर्डाइझ मात्र निष्काळजीपणानेही होते, आणि एकाच्या वागण्याने दुसऱ्याचेही होते.

मुख्य गोष्ट ही की, जे जेपर्डीत आहे ते अजून गेलेले नाही. ते हातात आहे, पण राहील की नाही याची खात्री उरलेली नाही.

परमपूज्य बाबासाहेबांनी हा शब्द कसा वापरला ते पाहण्यासारखे आहे. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेतील भाषणात त्यांनी देशाला बजावले, की राजकीय पक्षांनी आपली मतप्रणाली देशापेक्षा मोठी मानली तर आपले स्वातंत्र्य दुसऱ्यांदा जेपर्डीत पडेल, आणि मग बहुधा कायमचे जाईल. ‘जेपर्डीत पडणे’ आणि ‘जाणे’ ह्या दोन वेगळ्या पायऱ्या त्यांनी एकाच वाक्यात मांडल्या. त्याच भाषणात, सामाजिक व आर्थिक विषमता फार काळ चालू ठेवली तर राजकीय लोकशाही संकटात येईल, असेही ते म्हणाले. तिथे त्यांनी ‘पेरिल’ हा शब्द घेतला. त्याचेच क्रियापद ‘इम्पेरिल’. हा शब्द जड आहे, भाषणात आणि ग्रंथात शोभतो.

तिसरा शब्द ‘एन्डेंजर’. तो बहुतेक जीव, आरोग्य, सुरक्षितता यांच्यासाठी येतो. भरधाव गाडी चालवून माणसांचा जीव धोक्यात घालणे हा गुन्हा आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम 279 मध्ये हाच शब्द होता. 1 जुलै 2024 पासून त्या जागी भारतीय न्याय संहितेचे कलम 281 आले, तिथेही तो आहे. नोकरी, बढती, शिक्षण, समझोता, भवितव्य यांसाठी मात्र ‘जेपर्डाइझ’ अधिक चालते. मुलांनी दोन वाक्ये वहीत लिहून ठेवावीत : ‘स्मोकिंग एन्डेंजर्स हेल्थ’, ‘पुअर अटेन्डन्स मे जेपर्डाइझ युवर फ्यूचर’.

‘डबल जेपर्डी’ हा कायद्यातला शब्दप्रयोगही ऐकू येतो. एकाच अपराधासाठी एका माणसावर दोनदा खटला चालवून दोनदा शिक्षा देता येत नाही, असे हे तत्त्व. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद 20 च्या दुसऱ्या खंडात ते आहे. पण कामगारांनी एक ध्यानात ठेवावे : खात्याची चौकशी आणि कोर्टातला खटला ह्या वेगळ्या बाबी धरल्या जातात. म्हणून ‘माझी चौकशी झाली, आता केस होणार नाही’ असे समजून बसू नये.

आता मेमोकडे वळू. ‘युवर कंडक्ट मे जेपर्डाइझ युवर एम्प्लॉयमेंट’ असे लिहिलेले असेल तर त्याचा अर्थ ‘तुम्हाला कामावरून काढले’ असा नाही. त्यातला ‘मे’ शक्यता सांगतो. निर्णय झालेला नाही. म्हणून कागद हातात पडताच रडू नये, रागाने फाडू नये, आणि घडी घालून कपाटातही टाकू नये. सही मागितली तर आधी कागद वाचून घ्यावा. स्वतःला जमत नसेल तर शिकलेल्या मुलाकडून, मुलीकडून किंवा युनियनच्या माणसाकडून वाचून घ्यावा. सही करताना ‘फक्त मिळाल्याबद्दल’ असे लिहून तारीख टाकावी. दिलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्यावे आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यावी. कारकुनीत इतकी वर्षे काढल्यावर सांगतो, तोंडी उत्तराची फाईल होत नसते.

धोक्याची सूचना आणि झालेले नुकसान यांच्या मधे जो वेळ असतो, तो आपल्या हातातला असतो. मुलाची हजेरी कमी पडल्याचे पत्र येते तेव्हा वर्ष वाया गेलेले नसते. बँकेची पहिली नोटीस येते तेव्हा घर गेलेले नसते. तो वेळ वापरायचा, तर कागद त्याच दिवशी वाचला पाहिजे. म्हणून घरात एक डिक्शनरी असावी, आणि आठवड्यातून एक संध्याकाळ मुलांबरोबर असे चार शब्द पाहावेत. ह्या आठवड्याचे चार शब्द वर आलेच आहेत : जेपर्डाइझ, इम्पेरिल, एन्डेंजर आणि मे.