वाटून लावलेला डाव आणि राहिलेली बेरीज

जुगारात बुडणारा मनुष्य स्वतःला क्वचितच जुगारी समजतो. नशिबावर विसंबणारे ते इतर, आपण मात्र हिशेबाने खेळतो, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. घोड्यांच्या शर्यतीत या समजुतीला बळ देणारी एक युक्ती फार प्रचलित आहे. सारी रक्कम एकाच घोड्यावर न लावता ती तीन-चार घोड्यांवर अशा प्रमाणात वाटायची, की त्यांपैकी कोणताही जिंकला तरी हाती येणारी रक्कम सारखीच असावी. इंग्रजीत तिला ‘डचिंग’ म्हणतात. या युक्तीत लबाडी नाही आणि तिचे गणितही चोख आहे. म्हणूनच ती तपासून पाहणे अगत्याचे ठरते. कारण खोट्या गणितापेक्षा अर्धवट सोडलेले खरे गणित अधिक फसवते.

समजा, सहा घोड्यांची शर्यत आहे. पहिला घोडा जिंकल्यास मुद्दलासह रुपयाचे तीन रुपये मिळतात, दुसऱ्याचे चार आणि तिसऱ्याचे सहा. पहिल्यावर ४००, दुसऱ्यावर ३०० आणि तिसऱ्यावर २०० असे एकूण ९०० रुपये लावले, तर तिघांपैकी कोणीही जिंकला तरी १२०० रुपये हाती येतात. तीनशेचा नफा आणि सहापैकी तीन घोडे आपले! धोका जवळजवळ संपलाच, असे कोणाही सुज्ञास वाटावे.

परंतु बेरीज येथे थांबवून चालत नाही. उरलेल्या तीन घोड्यांचे भाव रुपयास सहा, आठ आणि आठ असे आहेत. त्यांच्यावरही १२०० रुपये मिळावेत अशी व्यवस्था करायची, तर आणखी २००, १५० आणि १५० रुपये लावावे लागतील. म्हणजे कोणताही घोडा जिंकला तरी १२०० रुपये मिळण्यासाठी १४०० रुपये मोजावे लागतात. हे दोनशे रुपये, म्हणजे प्रत्येक सात रुपयांतील एक रुपया, भाव ठरविणाऱ्या बुकीचा. शर्यत सुरू होण्यापूर्वीच तो भावांत मुरवलेला असतो.

यावर कोणी म्हणेल, की सर्व घोडे घेण्याचा मूर्खपणा कोण करतो? आम्ही तीनच घेऊ. ठीक आहे. बुकीची कपात सर्व भावांत सारख्याच प्रमाणात आहे असे धरू. मग अशा १४ शर्यतींत सरासरीने पहिला घोडा चार, दुसरा तीन आणि तिसरा दोन वेळा जिंकेल. दरवेळी ९०० प्रमाणे १२,६०० रुपये खर्च होतील आणि नऊ वेळा १२०० प्रमाणे १०,८०० रुपये परत येतील. आता तेच ९०० रुपये दरवेळी एकट्या पहिल्या घोड्यावर लावून पाहा. चार वेळा २७०० मिळून १०,८००च होतात. सहाही घोड्यांवर वाटून लावले, तरी आकडा तोच. वाटणीने चढउतार कमी होतात. तोटा तसूभरही कमी होत नाही. किंबहुना वारंवार लहान नफा दिसत राहिल्याने खेळणारा अधिक काळ टिकतो आणि अधिक मोठ्या रकमेवर तो सातवा हिस्सा भरत राहतो.

या युक्तीचे नाव न्यूयॉर्कचा गुंड डच शुल्ट्झ याच्यावरून पडले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेची सत्यता काहीही असो. ऑटो बर्मन हा विलक्षण हिशेबी मनुष्य शुल्ट्झच्या पदरी होता, ही गोष्ट मात्र खरी. शुल्ट्झच्या टोळीचा तीन अंकी आकड्यांचा जुगार चाले. एक हजार आकड्यांपैकी एक लागे आणि जिंकणाऱ्यास सुमारे सहाशे पट रक्कम मिळे. आकडा रेसकोर्सवरील उलाढालीच्या रकमांतून काढला जाई. इतकी कपातही अपुरी वाटून बर्मन ऐन वेळी पैसे लावून तो अंतिम आकडाच बदलीत असे, जेणेकरून लोकांनी ज्यावर अधिक पैसे लावले तो येऊ नये. ऑक्टोबर १९३५ मध्ये नेवार्क येथे दोघांवरही गोळीबार झाला आणि त्यातच त्यांचा अंत झाला. गणित जाणणारा माणूस खेळणाऱ्यांच्या रांगेत नव्हता, गल्ल्यापाशी बसला होता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

न्यूयॉर्कचा आणि आपल्या मुंबईचा या बाबतीत जुना संबंध आहे. तेथील कापूस बाजाराच्या उघडत्या व मिटत्या भावांवर मुंबईत आकडा लावला जाई. १९६१ मध्ये ते भाव येणे बंद झाले आणि पुढल्याच वर्षी कल्याणजी भगत यांनी वरळीत नवा आकडा सुरू केला. गिरणगावातील कितीएक घरांच्या चुली ज्याने विझविल्या, तो हा मटका. त्यात शून्य ते नऊ या दहा अंकांपैकी एक येई आणि रूढ भाव रुपयास नऊ. दहाही अंकांवर रुपया-रुपया लावणाऱ्याचे दहाचे नऊ होत, हे पगाराचे पाकीट घेऊन परस्पर अड्ड्यावर वळणाऱ्या कामगारास समजत नव्हते असे नाही. ती बेरीज करण्यास त्याला कोणी थांबविले नाही, इतकेच.

सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरविला. ते कौशल्य घोडा, जॉकी आणि मैदान पारखण्याचे. बुकीपेक्षा ज्याची पारख खरोखर सरस, त्याला रक्कम वाटून लावण्याचा उपयोग होईलही. परंतु पारख नसलेल्यास वाटणी पारख देऊ शकत नाही. २०२५ मध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तो योग्यच. तथापि मोह मनात असतो आणि मनावर बंदी घालता येत नाही.

तेथे शिक्षकाचेच काम आहे. वर केलेल्या हिशेबात अपूर्णांकांच्या बेरजेपलीकडे काहीही नाही. एक तृतीयांश, एक चतुर्थांश, दोन षष्ठांश आणि दोन अष्टमांश यांची बेरीज एकाहून अधिक होते, आणि वरचा प्रत्येक अंश खेळणाऱ्याच्या खिशातून जातो. शाळेत अपूर्णांक शिकविताना हे उदाहरण एकदा फळ्यावर यावे. जुगार वाईट, हे मुले हजारदा ऐकतात आणि विसरतात. स्वतः केलेली बेरीज सहसा विसरत नाहीत.