टप्पानिहाय प्रक्रियांच्या प्रतिमानांचे सुलभीकरण

रासायनिक अभियांत्रिकीत ऊर्ध्वपातन, वायुशोषण, द्रव-द्रव निष्कर्षण इत्यादी विलगन प्रक्रिया अनेक टप्प्यांत घडवून आणल्या जातात. अशा प्रक्रियांचे वर्णन करणाऱ्या समीकरणांची संख्या अथवा गुंतागुंत ठरावीक गृहीतकांच्या आधारे कमी करण्यास प्रतिमानाचे सुलभीकरण म्हणतात.

मूळ प्रतिमान

ऊर्ध्वपातन स्तंभात खालून चढणारी वाफ आणि वरून उतरणारा द्रव प्रत्येक तबकडीवर एकमेकांच्या संपर्कात येतात. तबकडीवरून निघणारे दोन्ही प्रवाह परस्परांशी समतोलात असल्यास तिला सैद्धांतिक टप्पा म्हणतात. पाच घटकांच्या मिश्रणासाठी प्रत्येक टप्प्यावर वस्तुमान संतुलनाची ५, समतोलाची ५, मोल-अंशांच्या बेरजेची २ आणि ऊर्जा संतुलनाचे १, अशी १३ समीकरणे मिळतात. त्यामुळे ४० टप्प्यांच्या स्तंभासाठी ५२० समीकरणे एकत्रितपणे सोडवावी लागतात.

प्रमुख पद्धती

मॅककेब–थील पद्धत (१९२५): दोन घटकांच्या मिश्रणासाठी वॉरन मॅककेब व अर्नेस्ट थील यांनी ही आलेखीय पद्धत मांडली. एक मोल वाफ द्रवरूप झाली की एक मोल द्रवाची वाफ होते, असे हिचे मुख्य गृहीतक आहे. त्यामुळे ऊर्जा संतुलनाची समीकरणे गळून पडतात, प्रचालन रेषा सरळ होतात आणि आलेखावर पायऱ्या काढून टप्पे मोजता येतात. बेंझीन व टोल्यूइन यांची बाष्पीभवन उष्णता अनुक्रमे सुमारे ३०.७ व ३३.२ किलोजूल प्रति मोल, म्हणजे जवळपास सारखी असल्याने त्यांच्यासाठी हे गृहीतक चांगले लागू पडते.

फेन्स्के समीकरण (१९३२): सापेक्ष बाष्पनशीलता संपूर्ण स्तंभात स्थिर मानल्यास, वरची सर्व वाफ द्रवरूपात स्तंभात परत सोडली असता लागणारे किमान टप्पे एकाच सूत्राने मिळतात. सापेक्ष बाष्पनशीलता २.४ असताना ९५ टक्के व ५ टक्के मोल शुद्धतेची उत्पादने मिळवण्यासाठी ही संख्या सुमारे ६.७ येते.

कोटि-लघूकरण: स्तंभाच्या नियंत्रणासाठी काळानुसार होणारे बदल विचारात घ्यावे लागतात व प्रत्येक टप्प्यासाठी स्वतंत्र विकलक समीकरणे लिहावी लागतात. १९८० च्या दशकात विकसित झालेल्या पद्धतींमध्ये टप्प्याचा क्रमांक सलग चल मानून संहतीचा आलेख बहुपदीने दर्शवला जातो. मग सर्व टप्प्यांऐवजी मोजक्या बिंदूंवरच समीकरणे सोडवणे पुरते.

मर्यादा

सुलभ प्रतिमानाची विश्वासार्हता त्याच्या गृहीतकांवर अवलंबून असते. इथेनॉल व पाणी यांचे मिश्रण वातावरणीय दाबाखाली वजनाने सुमारे ९५.६ टक्के इथेनॉल असताना स्थिरक्वाथी बनते. तेथे वाफ व द्रव यांची संहती सारखीच असते आणि सापेक्ष बाष्पनशीलता १ होते. तरीही सरासरी बाष्पनशीलता वापरल्यास फेन्स्के समीकरण ९९ टक्के शुद्धतेसाठीही टप्प्यांची मर्यादित संख्या देते. प्रत्यक्षात साध्या ऊर्ध्वपातनाने कितीही टप्पे वाढवले, तरी सौम्य इथेनॉलपासून ती शुद्धता मिळत नाही. म्हणून सुलभ पद्धती प्राथमिक आराखड्यासाठी वापरून अंतिम आराखडा संपूर्ण प्रतिमानावर तपासला जातो.