शाळेच्या स्नेहसंमेलनातले ‘स्वच्छ’ गाणे म्हणजे नेमके कोणते?

डिसेंबर उजाडला की ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या शाळांमध्ये स्नेहसंमेलनाची लगबग सुरू होते. ठाण्यात गडकरी रंगायतन किंवा डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह, कल्याणात आचार्य अत्रे रंगमंदिर, डोंबिवलीत सावित्रीबाई फुले कलामंदिर. ज्यांना हे परवडत नाही त्यांचे शाळेचे पटांगण. ३ जानेवारीची सावित्रीबाईंची जयंती आणि २६ जानेवारीचे कार्यक्रमही याच दिवसांत येतात. या दीड-दोन महिन्यांत वर्गावर्गात एकच चर्चा असते, यंदा नाच कोणत्या गाण्यावर बसवायचा?

वस्त्यांमधल्या अभ्यासिका आणि किशोरी गटांबरोबर काम करताना पालकांच्या दोन तक्रारी कानावर येतात. पहिली, तिसरी-चौथीतल्या मुलींना आयटम साँगवर नाचवले. दुसरी, मुलांनी हौसेने भीमगीत बसवले होते, ते ‘शाळेत नको, जातीचे वाटते’ असे सांगून काढून टाकले. तक्रारी दोन असल्या तरी मूळ एकच आहे. मुलांसाठी योग्य गाणे कोणते, याचा विचार शाळेत सगळ्यांनी बसून कधी केलेलाच नसतो. जो-तो आपल्या सवयीने ठरवतो आणि सवयींमध्ये जातही असते, बाईकडे बघायची नजरही असते.

प्रमाणपत्र आणि ‘ई’ची खूण पुरेशी का नाही?

‘चित्रपट यू सर्टिफिकेटचा आहे, मग गाणे चालेल’ असे शिक्षक सांगतात. पण ते प्रमाणपत्र पूर्ण चित्रपटाचे असते. २०२४च्या नव्या नियमांनी ‘यूए’ गटाचे सात, तेरा आणि सोळा वर्षांवरील असे तीन भाग केले, हे पालकांच्या दृष्टीने चांगलेच झाले. तरीही चित्रपट पाहणे वेगळे आणि त्यातल्या एका गाण्यावर आठ वर्षांच्या मुलीने रंगमंचावर नाचणे वेगळे. शिवाय मुलांच्या ओठांवरची कितीतरी गाणी आज चित्रपटातली नसतात. ती थेट यूट्यूबवर येतात आणि त्यांना असे प्रमाणपत्र नसते.

गाण्यांच्या अ‍ॅपवर काही गाण्यांपुढे इंग्रजी ‘ई’ अक्षर दिसते. त्याचा अर्थ गाण्यात शिवीगाळ किंवा उघड लैंगिक मजकूर आहे. ही पद्धत अमेरिकेतून आली. तिथे १९८५ मध्ये काही पालकांनी एकत्र येऊन आवाज उठवला, संसदेत सुनावणी झाली आणि संगीत कंपन्या कॅसेट-रेकॉर्डवर इशाऱ्याची पट्टी लावू लागल्या. मात्र ही खूण गाणे प्रसिद्ध करणारी मंडळी स्वतःच लावतात आणि तिचा भर शब्दांवर असतो. एकही शिवी नसलेल्या गाण्यात बाईला ‘माल’ ठरवलेले असू शकते. अशा गाण्यापुढे ‘ई’ दिसेलच, याची खात्री नाही. ‘क्लीन’ आवृत्तीत वाईट शब्द गाळलेला असतो, पण सभागृहातल्या पाचशे मुलांना तो पाठ असतो. नेमक्या त्या रिकाम्या जागी सगळी मुले तो शब्द ओरडतात!

‘स्वच्छ’ या शब्दामागची जात

आता थोडे मुळाशी जाऊ. महाराष्ट्रात ‘अश्लील’ हा शिक्का कोणावर बसत आला? तमाशा उभा केला तो मुख्यतः दलित आणि भटक्या जातींच्या कलावंतांनी. तो बघायला, त्यावर पैसे उधळायला गावचे प्रतिष्ठित पुढे असत. कमीपणा मात्र नाचणारीच्या वाट्याला आला. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारने अश्लीलतेचे कारण देऊन तमाशावर बंदी आणली. पुढे ती उठली, पण सुधारणेच्या अटींसह. इतिहासकार शैलजा पाईक यांनी ‘द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट’ (२०२२) या ग्रंथात हेच उलगडून दाखवले आहे की, अश्लीलतेचा हा शिक्का जातीच्या उतरंडीतून घडला आणि त्याची किंमत तमाशातल्या दलित बाईने मोजली.

म्हणून शाळेत कोणी ‘स्वच्छ, संस्कारी गाणी घ्या’ म्हणाले की आपण विचारायला हवे, कोणाचे संस्कार? पुष्कळदा त्याचा अर्थ एका धर्माची भक्तिगीते एवढाच निघतो. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कोणालाही धार्मिक उपासनेत भाग घ्यायची सक्ती करता येत नाही, असे संविधानाचे कलम २८ सांगते. आणि हलगीचा ठेका, रॅप किंवा भीमगीत ‘गावठी’ म्हणून बाजूला सारणे ही सोवळ्या-ओवळ्याचीच आवृत्ती आहे. ‘स्वच्छ’ हा शब्द वापरायचाच असेल तर माणसाचा अवमान न करणारे गाणे, असा त्याचा अर्थ आपण पक्का करू या.

जलशाने केलेली निवड

हा विचार आपल्याला नवा नाही. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३०च्या दशकात आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. तमाशाचा बाज, ढोलकीची थाप आणि विनोद त्यांनी ठेवला. शृंगारिक भाग मात्र काढला आणि त्या जागी शिक्षण, मंदिरप्रवेश, दारूबंदी असे विषय आणले. पुढे वामनदादा कर्डकांची गीते, प्रल्हाद शिंदे यांचा आवाज आणि कॅसेट या वाटेने भीमगीत घराघरात पोहोचले. अनेक गीते तर चित्रपटातल्या लोकप्रिय चालींवर बांधलेली होती. लोकप्रिय संगीत आपल्या लोकांनी कधी विटाळाचे मानले नाही. चाल घेतली आणि तिच्यात काय भरायचे ते विचाराने ठरवले.

मुलांना आजची गाणी आवडतात यात गैर काही नाही. आज आपण ज्याला निर्भेळ बालगीत म्हणतो ते ‘नाच रे मोरा’ हेही १९५३च्या ‘देवबाप्पा’ चित्रपटातलेच गाणे आहे. त्या काळी ते चित्रपटाचे ताजे गाणे होते.

निवड करताना विचारायचे चार प्रश्न

गाण्याचे मुखडे सगळ्यांना ठाऊक असतात, अडचण बहुधा कडव्यांत असते. म्हणून संपूर्ण गाणे कागदावर लिहून काढावे आणि मोठ्याने वाचावे. चालीशिवाय वाचले की अर्थ लपत नाही. मग हे चार प्रश्न विचारावेत.

पहिला: गाण्यात बाई माणूस आहे की वस्तू? ‘नाही’ म्हणणाऱ्या मुलीचा पिच्छा पुरवणारा नायक जिंकताना दाखवला असेल तर ते गाणे शाळेत नको.

दुसरा: दारू, नशा, हत्यार यांची शेखी मिरवली आहे का? नोव्हेंबर २०२४ मध्ये हैदराबादच्या कार्यक्रमाआधी तेलंगणा सरकारने गायक दिलजीत दोसांझ यांना नोटीस दिली, ती याच कारणासाठी. वस्तीत दारूने घर मोडताना पाहिलेल्या मुलाकडून रंगमंचावर बाटली नाचवून घेणे बरे नव्हे.

तिसरा: जात, रंग, शरीर, व्यंग किंवा बोली यांवरून कोणाला खाली दाखवले आहे का? २००७ मध्ये ‘आजा नचले’ चित्रपटाच्या शीर्षकगीतातल्या एका ओळीने चर्मकार समाजाचा अपमान होतो म्हणून उत्तर प्रदेशात चित्रपटावर बंदी आली. निर्मात्यांनी माफी मागून ते शब्द काढले. त्या ओळीत ना शिवी होती ना शृंगार. ‘ई’च्या चाळणीतून ती सहज सुटली असती. गोऱ्या रंगाचे गोडवे गाणारी गाणी तर मोजता येणार नाहीत इतकी आहेत. मागच्या रांगेत उभ्या केलेल्या सावळ्या मुलीला ती काय सांगतात, याचा विचार करावा. हीच कसोटी आपल्यालाही लावावी. जयंतीच्या डीजेवर वाजणाऱ्या काही गाण्यांत दुसऱ्याला खिजवण्याची, हत्यार दाखवण्याची भाषा असते. ती शाळेत नको आणि मिरवणुकीतही नको.

चौथा: हे गाणे गाताना, नाचताना मूल मूलच राहते का, की त्याला मोठ्यांच्या वासनेचे सोंग घ्यावे लागते? इथे शब्दांइतक्याच स्टेप्स आणि पोशाख महत्त्वाचे. गाणे साधे असते, पण रील पाहून उचललेल्या हालचाली तशा नसतात. दूरचित्रवाणीवरच्या नृत्यस्पर्धांत लहान मुलांकडून मोठ्यांसारखे सूचक हावभाव करून घेतले जातात म्हणून केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने जून २०१९ मध्ये वाहिन्यांना समज दिली होती. शाळेचा रंगमंचही त्याला अपवाद नाही.

वयाप्रमाणे फरक

बालवाडी ते चौथीची मुले अर्थ न कळता नक्कल करतात. त्यांच्यासाठी पाऊस, प्राणी, खेळ, मैत्री, आई-बाबा असे विषय पुरेसे आहेत. ‘तारे जमीन पर’मधले ‘बम बम बोले’ अजूनही चालते. पाचवी ते सातवीत दुहेरी अर्थ अर्धा कळतो आणि त्यावर खिदळणे सुरू होते. ‘कोंबडी पळाली’ (२००६) आणि त्याच चालीवरचे ‘चिकनी चमेली’ (२०१२) या वयाच्या नाचात नेहमी मागितले जातात. ठेका उत्तम आहे, म्हणून तसाच ठेका असलेले कोळीगीत किंवा भारूड सुचवले तर मुले आनंदाने तयार होतात. संजू राठोड यांच्या ‘गुलाबी साडी’सारख्या (२०२४) गाण्यात लाडिक हट्ट आहे, बाईचा अवमान नाही. स्टेप्स साध्या ठेवल्या तर हरकत नसावी.

आठवी ते दहावीत प्रेमगीत येणारच. प्रेम घाण नाही, हे मुलांना कळायला हवे. जातीबाहेर प्रेम केले म्हणून मुले-मुली मारली जाणाऱ्या देशात प्रेमगीतालाच नाक मुरडणे आपल्याला परवडणारे नाही. गाण्यात दोघांची संमती आणि आदर आहे का, एवढेच पाहावे. या वयाला रॅपही द्यावा. ‘गली बॉय’मधल्या ‘अपना टाइम आएगा’त एखाददुसरा रांगडा शब्द आहे, पण गाणे स्वाभिमानाचे आहे. माही जी या नावाने रॅप करणाऱ्या मधुरा घाणे यांची आदिवासी जीवनावरची मराठी गाणी शहापूर-मुरबाडच्या शेजारी राहणाऱ्या आपल्या मुलांनी जरूर ऐकावीत.

निर्णय कोणी घ्यायचा?

एकट्या डान्स शिकवणाऱ्या सरांवर हे सोडू नये. सरकारी आणि अनुदानित शाळांत शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, अशी तरतूद आहे. खासगी शाळांत पालक-शिक्षक संघ असतो. १० मार्च २०२२च्या शासन निर्णयाने सखी सावित्री समित्याही आल्या. ऑगस्ट २०२४च्या बदलापूरच्या घटनेनंतर आपल्या जिल्ह्यात या समित्यांची चर्चा खूप झाली. गाण्यामुळे किंवा कपड्यांमुळे अत्याचार होतात असे कोणी म्हणत असेल तर ते साफ चूक आहे, दोष अत्याचार करणाऱ्याचाच. पण मुलांचा सन्मान हा ज्या समितीचा विषय आहे तिने गाण्यांची यादीही पाहावी.

नोव्हेंबरातच मुलांकडून प्रत्येक वर्गाची पाच गाणी मागवावीत. समितीने दोन मुलांनाही बैठकीला बसवावे. नाकारलेल्या गाण्याचे कारण लेखी द्यावे, म्हणजे ‘जातीचे वाटते’ असे कोणाला सहजासहजी लिहिता येणार नाही. ठरलेली आवृत्ती पेन ड्राइव्हवर घ्यावी, कारण ऐनवेळी यूट्यूब लावले की जाहिरात किंवा भलतेच रिमिक्स वाजते. परवान्याची भीती बाळगू नये. शाळेच्या उपक्रमात विद्यार्थी-शिक्षकांनी केलेल्या आणि प्रेक्षक म्हणून पालक व शाळेशी संबंधित मंडळीच असलेल्या सादरीकरणाला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ने सूट दिली आहे. मुलांचे व्हिडिओ मात्र पालकांना विचारल्याशिवाय कोणी समाजमाध्यमांवर टाकू नयेत.

आपल्या पालकांपैकी किती जण या समित्यांच्या बैठकांना जातात? मजुरी बुडते, बोलायचा संकोच वाटतो, ही अडचण खरी आहे. तरी विहारातल्या महिला मंडळाने दोन-दोन जणींच्या पाळ्या लावल्या तरी शाळेत आपला आवाज पोहोचतो. तिथे जाऊन भीमगीताचा हट्ट धरायचा, तसाच आपल्या आणि दुसऱ्यांच्याही मुलींच्या मानासाठी धरायचा. यंदाच्या नोव्हेंबरची बैठक चुकवू नका.