पोटाचा टीबी की क्रोनचा रोग?
लहान आतड्याच्या एका चिवट दुखण्याविषयी



पोट बिघडले की आपल्याकडे ठरावीक चार कारणे सांगितली जातात. 'पाणी बाधलं', 'आव पडली', 'पित्त खवळलं' नाहीतर 'जंत झाले असतील'. बहुतेक वेळा यातले एखादे खरेही असते आणि आठ दिवसांत माणूस बरा होऊन कामाला लागतो. पण काही दुखणी अशी असतात की महिना गेला, दोन महिने गेले तरी हटत नाहीत. जेवल्यावर कळ येते, जुलाब थांबत नाहीत, अंगावरचे कपडे ढिले होत जातात. अशा दुखण्यांपैकी एक म्हणजे लहान आतड्याचा क्रोन रोग.

या रोगाची आपल्या भागातली खरी अडचण अशी की तो आतड्याच्या क्षयासारखा, म्हणजे आपण ज्याला पोटाचा टीबी म्हणतो त्याच्यासारखा दिसतो. दोन्हींचे औषध मात्र वेगळे, आणि एकाचे औषध दुसऱ्याला दिले तर नुकसान होते. म्हणून ही माहिती प्रत्येक घरात असावी.

हा रोग म्हणजे काय?

आपले लहान आतडे सुमारे २० फूट लांबीचे असते. अन्नातले सत्त्व शोषून घेण्याचे मुख्य काम तेच करते. त्याचा शेवटचा भाग, ज्याला शेषांत्र म्हणतात, पोटाच्या उजव्या बाजूला खाली मोठ्या आतड्याला मिळतो. रक्त तयार होण्यासाठी लागणारे बी-१२ जीवनसत्त्व याच टोकाच्या भागात शोषले जाते. क्रोनचा रोग तोंडापासून गुदद्वारापर्यंत कोठेही होऊ शकतो, पण त्याची आवडती जागा म्हणजे हे शेवटचे टोक.

यात आतड्याला सूज येते आणि व्रण पडतात. ही सूज नुसत्या आतल्या अस्तरापुरती राहत नाही, आतड्याच्या भिंतीच्या आरपार जाते. मध्येच चांगला भाग, मग पुन्हा खराब भाग, असा तो तुकड्यातुकड्याने पसरतो. त्यातून दोन गोष्टी होतात. पहिली, व्रण भरताना भिंत जाड होऊन आतडे अरुंद होते; बाष्पीभवन-भांड्याच्या नळ्यांत स्केल साचले की रस पुढे जाईना, तसेच. दुसरी, सूज आरपार जाऊन भिंतीला वाट फुटते. पाटाचा भराव फुटला की पाणी शेजारच्या वावरात शिरते, तशी आतड्यातली घाण शेजारच्या आतड्यात, मूत्राशयात किंवा कातडीबाहेर वाट काढते.

न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील डॉ. बरिल क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर या तिघांनी १९३२ साली १४ रोग्यांची माहिती एकत्र मांडली, तेव्हापासून हे नाव पडले. त्याआधी १९१३ साली ग्लासगोचे शल्यविशारद डॉ. डॅल्झील यांनीही असेच रोगी पाहिले होते. त्यांच्या लक्षात आले की गायीगुरांना होणाऱ्या जोहनेच्या रोगात आतडे असेच दिसते. जनावर खात राहते, पातळ शेण टाकते आणि वाळत जाते, तो हा रोग. त्या रोगाचा जंतू माणसाच्या क्रोन रोगाला कारणीभूत आहे का, हा शोध तेव्हापासून चालू आहे. पण तसे सिद्ध झालेले नाही. म्हणून गोठ्याची भीती धरू नये. दूध मात्र उकळूनच प्यावे, कारण जनावरांचा क्षय कच्च्या दुधातून माणसाला होतो.

आज डॉक्टर असे मानतात की शरीराची संरक्षणव्यवस्था आतड्यातल्या जंतूंविरुद्ध नको तितकी चवताळते आणि स्वतःच्याच आतड्यावर उलटते. थोडा भाग आनुवंशिक असतो. विडी-सिगारेटने रोग बळावतो, हे नक्की. हा रोग संसर्गाचा नाही. एका ताटात जेवल्याने, एका बिछान्यावर झोपल्याने तो लागत नाही.

लक्षणे ओळखा

रोग कोणत्याही वयात होतो, पण पुष्कळदा ऐन तरुणपणात, पंधरा ते पस्तीस वर्षांच्या दरम्यान सुरू होतो. लक्ष ठेवायच्या गोष्टी अशा :

१) चार आठवड्यांपेक्षा जास्त चालणारे जुलाब, रात्री झोपेतून उठवणारे तर विशेषच.
२) बेंबीभोवती किंवा उजवीकडे खाली कळ, बहुधा जेवणानंतर. पोटात गुडगुड होऊन फुगा येतो आणि थोड्या वेळाने उतरतो.
३) कारण नसताना वजन घटणे, बारीक ताप, थकवा, रक्त कमी होणे.
४) वारंवार तोंड येणे, सांधे दुखणे, डोळे लाल होणे.
५) गुदद्वाराजवळ गळू किंवा भगंदर, ऑपरेशन करूनही पुन्हा पुन्हा होणारे.
६) मुलांची उंची-वजन खुंटणे, वयात येणे लांबणे.

सगळी लक्षणे एकदम दिसतीलच असे नाही. काही दिवस बरे जातात आणि माणसाला वाटते, गेले दुखणे. मग ते पुन्हा डोके वर काढते. 'तोडणी आलीय, हंगाम उरकला की बघू' असे म्हणता म्हणता दोन-दोन हंगाम निघून जातात, आणि तेवढ्यात आतडे अरुंद होऊन बसते.

टीबीशी गल्लत का होते?

आतड्याच्या टीबीचीही आवडती जागा तीच, लहान आतड्याचे शेवटचे टोक. लक्षणेही तीच : पोटदुखी, ताप, वजन घटणे. आपल्या देशात क्षय फार, त्यामुळे डॉक्टरांच्या मनात आधी तोच येतो, आणि त्यात चूक काही नाही. चूक होते ती पुरेशी तपासणी न करता एका बाजूने निकाल दिला जातो तेव्हा.

समजा, एखाद्या घरातला बावीस वर्षांचा मुलगा आहे. सोनोग्राफीत आतडे जाड दिसले एवढ्यावरून टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. पहिले काही आठवडे बरे वाटले, म्हणून सहा महिने, नऊ महिने, वर्षभर गोळ्या चालू राहिल्या. रोग जर क्रोनचा असेल तर तेवढा काळ फुकट गेला. आता उलट बाजू बघा. रोग टीबीचा आहे आणि कोणी क्रोन समजून स्टेरॉइड सुरू केले. दोन-चार दिवसांत भूक लागते, ताप उतरतो, घरातले खूश होतात. पण आत क्षय भडकतो, अंगभर पसरू शकतो. आधीच्या गल्लतीत वेळ जातो, या दुसऱ्या गल्लतीत जीव जाऊ शकतो.

ओळखण्याच्या काही खुणा आहेत. पोटात पाणी होणे, छातीच्या फोटोत क्षयाचे डाग असणे, हे टीबीकडे बोट दाखवते. शौचातून रक्त, भगंदर, वर्षानुवर्षे कमी-जास्त होणारे दुखणे, हे क्रोनकडे. दुर्बिणीत टीबीचे व्रण बहुधा आडवे, तर क्रोनचे लांबट उभे दिसतात. तुकडा तपासला तर टीबीत मोठ्या, एकमेकींत मिसळलेल्या गाठी आणि मध्ये चक्क्यासारखा मेलेला भाग सापडू शकतो. क्रोनमध्ये गाठी लहान आणि थोड्या असतात. पण प्रत्येक रोग्यात या खुणा स्पष्ट मिळतील असे नाही.

तपासण्या कोणत्या?

रक्तात हिमोग्लोबिन, सूज दाखवणारी सीआरपी, प्रथिने आणि बी-१२ पाहतात. शौचाची कॅलप्रोटेक्टिन नावाची तपासणी आतड्याला सूज आहे की नाही ते सांगते. सूज कशाची ते सांगत नाही. मुख्य तपासणी म्हणजे कोलोनोस्कोपी. गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठे आतडे आणि लहान आतड्याचे टोक पाहतात व अनेक ठिकाणचे छोटे तुकडे काढतात. लोक या तपासणीला लाजतात, घाबरतात. गुंगीचे इंजेक्शन देऊन ती होते आणि बहुधा त्याच दिवशी घरी जाता येते. काढलेले तुकडे टीबीसाठीही, म्हणजे जीनएक्स्पर्ट आणि कल्चरसाठी पाठवले आहेत ना, हे डॉक्टरांना जरूर विचारावे. मात्र जीनएक्स्पर्टमध्ये जंतू सापडला नाही म्हणजे टीबी नाहीच, असे समजू नये.

दुर्बीण पोचत नाही तेवढ्या लहान आतड्यासाठी सीटी किंवा एमआर एन्टेरोग्राफी करतात. गिळायच्या कॅमेऱ्याची कॅप्सूलही असते, पण आतडे अरुंद असेल तर ती अडकते.

इतके करूनही निकाल लागत नसेल तर तज्ज्ञ टीबीची औषधे दोन ते तीन महिने देऊन पुन्हा दुर्बीण घालून बघतात. टीबी असेल तर व्रण भरलेले दिसतात आणि मग किमान सहा महिन्यांचा कोर्स पुरा करतात. व्रण तसेच असतील तर क्रोनचा विचार करतात. येथे 'आता बरं वाटतंय, कशाला पुन्हा दुर्बीण?' असे म्हणू नये. क्रोनमध्येही टीबीच्या गोळ्यांनी काही दिवस बरे वाटू शकते. खरे काय ते व्रण पाहूनच कळते. टीबीच निघाला तर औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, आणि नोव्हेंबर २०२४ पासून निक्षय पोषण योजनेत दरमहा १००० रुपये रोग्याच्या खात्यावर जमा करण्याची तरतूद आहे.

उपचार

क्रोनचा रोग मुळासकट घालवणारे औषध अजून नाही. पण मधुमेहासारखा तो ताब्यात ठेवता येतो.

सूज चढलेली असताना प्रेडनिसोलोन किंवा ब्युडेसोनाइड ही स्टेरॉइडे ठरावीक मुदतीसाठी देतात. ती हळूहळू कमी करायची असतात. मनाने एकदम बंद करू नयेत आणि मनाने चालूही ठेवू नयेत. हाडे, साखर, डोळे यांवर परिणाम होतो. रोग पुन्हा उसळू नये म्हणून अ‍ॅझाथायोप्रिनसारखी औषधे दीर्घकाळ देतात. त्यांचा गुण यायला दोन-तीन महिने लागतात आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी वारंवार तपासाव्या लागतात. युरिक अ‍ॅसिडसाठी अ‍ॅलोप्युरिनॉल घेत असाल तर ते डॉक्टरांना आधी सांगा, दोन्ही एकत्र घातक ठरतात. मेथोट्रेक्सेट दिले असेल तर ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, रोज नव्हे. गरोदरपणात ते चालत नाही.

यांनी भागले नाही, किंवा रोग सुरुवातीपासूनच जोरात असला, तर इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅब यांसारखी इंजेक्शने देतात. पहिले १९९८ मध्ये अमेरिकेत या रोगासाठी मंजूर झाले. अडालिमुमॅबसारखेच, पण कमी किमतीचे औषध २०१४ पासून भारतात बनते. तरी खर्च मोठाच असतो. ही इंजेक्शने झोपलेला टीबी जागा करतात, म्हणून आधी छातीचा फोटो आणि टीबीची तपासणी झालीच पाहिजे.

आतडे फार अरुंद झाले, पू साचला किंवा भोक पडले तर शस्त्रक्रिया लागते. खराब तुकडा काढतात किंवा अरुंद जागा रुंद करतात. रोग टोकापुरताच असेल तर लवकर केलेली शस्त्रक्रिया हाही चांगला पर्याय ठरतो. मात्र जोडाजवळ रोग पुन्हा येऊ शकतो, म्हणून सहा महिने ते वर्षाच्या आत पुन्हा दुर्बीण करावी लागते.

शस्त्रक्रियेने माणूस कामातून जातो, असे मानण्याचे कारण नाही. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचे लहान आतडे याच रोगाने अडले आणि जून १९५६ मध्ये त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांनी निवडणूक जिंकली आणि जानेवारी १९६१ पर्यंत कारभार पाहिला.

खाणेपिणे आणि घरची काळजी

या रोगाला ठरलेले असे एकच पथ्य नाही. उगाच सगळे बंद करून रोग्याला भाताच्या पेजेवर ठेवू नये, तो आधीच खंगलेला असतो. डाळ, अंडी, दही, मऊ भाकरी, शिजवलेल्या भाज्या पचतील तशा द्याव्यात. दूध सोसत नसेल तर दही-ताक घ्यावे. आतडे अरुंद झाले असेल तर चोथ्याचे पदार्थ टाळावेत : मक्याचे कणीस, पेरूच्या बिया, कच्च्या भाज्या. ऊस खाल्लाच तर चोथा पोटात जाऊ देऊ नये. लोह, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व डॉक्टर सांगतील तसे घ्यावे. लहान मुलांना काही आठवडे केवळ खास द्रव आहार देऊनही सूज उतरवता येते.

अंगदुखीसाठी दुकानातून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणून खाऊ नये, त्याने आतड्याचे व्रण चिघळू शकतात. 'रामबाण' म्हणून मिळणाऱ्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. विडी, सिगारेट पूर्ण बंद करावी.

मुलीला हा रोग असला की लग्नाच्या भीतीने घरचे लपवतात, औषध मध्येच थांबवतात. तसे करू नये. रोग ताब्यात असला तर लग्न, संसार, मूलबाळ सर्व काही होऊ शकते. गरोदर राहण्याआधी औषधांबद्दल डॉक्टरांचा सल्ला मात्र घ्यावा.

सतत उलट्या, पोट फुगून टणक होणे, वारा व शौच बंद होणे, जोराचा ताप किंवा शौचातून रक्त, यांपैकी काही झाले तर रात्र असली तरी थेट मोठ्या रुग्णालयात जावे. अशा वेळी पोट शेकणे, चोळणे किंवा जुलाबाचे औषध देणे जिवावर बेतू शकते.

शेवटी सर्व सभासदांना विनंती. पोटाच्या रोग्याचे सगळे कागद, फोटो आणि तुकडा तपासणीचा अहवाल एका पिशवीत तारखेप्रमाणे लावून ठेवा व प्रत्येक डॉक्टरांना दाखवा. टीबीच्या गोळ्या असोत की स्टेरॉइड, सुरू करण्यापूर्वी 'तुकडा तपासला का?' एवढे विचारा. विचारण्यात डॉक्टरांचा अपमान होत नाही, आणि रोग्याची दोन वर्षे वाचू शकतात.