भाता ओढणाऱ्याचे नाव

रविवारी सोनिवलीहून निघून बदलापूरला लोकल धरा आणि मुलांना मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय दाखवा. अकबर बादशहाचे चिलखत आणि ढाल या संग्रहात आहे, शिवाय तलवारी, कट्यारी. मुले सोन्याची नक्षी पाहतील. आपण पोलाद पाहावे.

जुन्या इराणी-तुर्की तलवारींच्या काही पात्यांवर पाण्यासारखी लहर दिसते. युरोपात याला दमास्कसचे पोलाद म्हणत. पण इराणात जाणारे कितीतरी पोलाद आपल्या दख्खनचे! (पोलाद हा शब्द मात्र फारसी.) आजच्या तेलंगणातील कोनसमुद्रम गावी लोखंड मातीच्या मुशीत घालून, तोंड लिंपून, भट्टीत वितळवीत. माणसे तासन्‌तास भाता ओढीत. मूस सावकाश निवली की आत पोलादाची वडी तयार. लहरीचे मूळ या सावकाश निवण्यातच; पाते घडविताना फार तापविले की ती नाहीशी होते. १८२० च्या सुमारास व्हॉयसे नावाच्या इंग्रज भूगर्भतज्ज्ञाला तेथे इस्फहानचा व्यापारी भेटला. तो स्वतः जातीने उभा राहून माल पारखून घेत होता.

पात्यावर कधी बादशहाचे, कधी घडविणाऱ्या कारागिराचे नाव असते. भाता ओढणाऱ्याचे कुठेच नाही. अंबरनाथच्या भट्टीवर राबलेल्या बापाला हे समजावून सांगायला नको.

आणि हो, पाते समोरून पाहू नका. थोडे बाजूला सरका, उजेड तिरपा पडू द्या. लहर असेल तर तेव्हाच दिसते.